दुसरी गोळी मॅगझिनची

मिस्त्रीबुवा दातांनी ऐकत. थट्टा करत नाही. पंचवीस वर्षं कामठीच्या छावणीत बंदुकांच्या आवाजात काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते. उजवा पार गेलेला, डावा निम्म्याहून जास्त. त्यामुळे पिस्तुलाचं मॅगझिन तपासायचं झालं की ते त्याचा तळ पुढच्या दातांत धरत, वरचं काडतूस अंगठ्यानं दाबत आणि डोळे मिटून घेत. आतली स्प्रिंग कशी हलते, कुठे घासते, कुठे अडते, हे त्यांना दातांतून कळे. अमरावतीच्या आमच्या दुकानात पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक हा प्रकार पाहून माझ्याकडे बघायचंच. मी मान हलवून सांगत असे, की घाबरू नका, खात नाहीत ते.

ज्यांनी पिस्तूल कधी हातात धरलं नाही (आणि नाही धरलं तेच बरं), त्यांच्यासाठी सांगतो. मॅगझिन म्हणजे मुठीत खालून सरकवायची पत्र्याची चपटी पेटी. तिच्यात काडतुसं एकावर एक बसतात, तळाची स्प्रिंग त्यांना वर ढकलते, आणि वरचे दोन वळवलेले काठ त्यांना बाहेर उडून जाण्यापासून धरून ठेवतात. या काठांना मिस्त्रीबुवा ओठ म्हणत. लोक पिस्तूल घ्यायला आले की नळी बघत, मूठ बघत, वर कोरलेलं नाव बघत. मॅगझिनकडे कुणी ढुंकून पाहत नसे. मिस्त्रीबुवा मात्र आधी ते काढून घेत आणि म्हणत, "पहिली गोळी पिस्तुलाची, पंत. दुसरी मेगजीनची." पहिली नळीत आधीच चढवलेली असते. दुसरी वर आलीच नाही, तर हातात नुसतं लोखंड उरतं.

पंत म्हणजे मी. अकोल्याच्या वकिलाचा मुलगा. वकिलीच्या परीक्षेत दोनदा आपटलो तेव्हा वडील म्हणाले, "आता तुझं तू बघ," आणि मी अमरावतीला येऊन या शस्त्रांच्या दुकानात परवान्यांची वही लिहायला बसलो. मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. परवाना डेप्युटी कमिशनर साहेबाच्या सहीनं मिळायचा, आणि त्या सहीखालचा नंबर, गाव, हत्यार हे सगळं मी उतरवून घ्यायचो. माझं अक्षर फार सुरेख होतं. नीटनेटकेपणाचा मला भलता सोस होता. दौत इकडची तिकडे झालेली मला खपत नसे, आणि मी लोकांच्या चुका न सांगता परस्पर सुधारत असे. या सवयीचं त्या काळी मला कौतुक वाटायचं.

माझं दुसरं काम म्हणजे मिस्त्रीबुवांचे कान होणं. गिऱ्हाईक काय बोललं ते त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायचं. सुरुवातीला मी शब्दन् शब्द सांगत असे. मग लक्षात आलं, की लोक फार फाफटपसारा बोलतात, आणि मी थोडक्यात सांगायला लागलो. पाच मिनिटांच्या बोलण्याचं मी एक वाक्य करायचो. मिस्त्रीबुवा हसायचे. "बाप्पा, एवढा वेळ तोंड हालवून राह्यला होता तो अन् एवढंच बोलला?" मी म्हणायचो, एवढंच. त्यांचं त्यावर काही म्हणणं नसे.

नव्या मालाची पेटी मुंबईहून आली, की दुकानात सणासारखं होई. दुकानाचे मालक सेठजी जातीनं हजर राहत. मिस्त्रीबुवा हात धुऊन कोरडे करून येत, पिस्तुलं एका बाजूला ठेवत आणि मॅगझिनं ओळीनं मांडत. त्यांनी सागाच्या लाकडाची गोळी बसवून खोटी काडतुसं केली होती, आत दारू नाही. ती भरायची आणि एकेक करून पिस्तुलातून खेळवून बाहेर काढायची, पुन्हा भरायची, पुन्हा काढायची. एका मॅगझिनला शंभर वेळा. जे शंभर वेळा न अडखळता चालेल ते पास. जे अडेल ते बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात जाई. त्या डब्याला आम्ही दवाखाना म्हणत असू. तिथली काही मॅगझिनं मिस्त्रीबुवांच्या हातून बरी होऊन बाहेर येत, काही कायमची तिथेच राहत.

कारखान्याचं नाव सांगत नाही, पण लढाईआधीचा त्याचा माल आणि लढाईनंतरचा माल यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. शिक्का तोच, चामड्याची पेटी तीच, आतला कागदसुद्धा तोच. पण आधीच्या मॅगझिनचा पत्रा भरीव, दोन्ही ओठ एका मापाचे, स्प्रिंग तापवून तिला पाणी कसं बरोबर दिलेलं. नंतरच्या मालात चारांतलं एक चांगलं निघालं तर नशीब. कुठे ओठ मऊ, दोन बोटांनी दाबले तर फाकणारे. कुठे स्प्रिंग आळशी. वरून मात्र झिलई अशी, की तोंड बघून घ्यावं. पिस्तुलांचंही तसंच, पण पिस्तुलाला मिस्त्रीबुवा कानस लावून, तेलाच्या दगडावर घासून वळणावर आणत. "पिस्तूल मोठ्या माणसासारखं हाय," ते म्हणत, "सांगतलं तं आयकते. मेगजीन लहान लेकरू, हट्ट धरलं तं धरलं."

पण कारखान्याला त्यांनी कधी शिवी दिली नाही. सेठजी द्यायचे, भरभरून. मिस्त्रीबुवा वाईट मॅगझिन हातात फिरवत आणि ते बनवणाऱ्याची बाजू घेत. "ज्यानं हे बनवलं ना पंत, त्याले त्या दिवशी घरी जाची घाई होती." किंवा, "याचा दात दुखत असन. पाहा, एक ओठ नीट केला अन् दुसऱ्याच्या वक्ताले हात ढिला सोडला." सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा गोऱ्या कामगाराचा दात आमच्या अमरावतीत दुखायचा. मला फार हसू यायचं.

एका कारागिराचा हात मात्र ते ओळखत. लढाईआधीच्या काही मॅगझिनांवर मागच्या शिवणीचं टोक एका विशिष्ट तऱ्हेनं घासून गोल केलेलं असे. कागदावर तसं करायला सांगितलेलं नव्हतं, त्याचा उपयोगही काही नव्हता; भरताना बोटाला लागू नये म्हणून कुणीतरी आपल्या मनानं ते करत होता. मिस्त्रीबुवा त्याला "माहा भाऊ" म्हणत. लढाईनंतर तो हात यायचा थांबला. प्रत्येक नव्या पेटीत ते आधी ती शिवण बघत आणि मग बाकीचं काम सुरू करत. एकदा मी म्हटलं, म्हातारा झाला असेल, घरी बसला असेल. ते म्हणाले, "नाई पंत. गेला असन लढाईत. त्यायनं चांगले कारागीरबी नेले, सगळ्यायले नेलं." त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत.

त्यांचा एक नेम होता. मॅगझिन पास झालं, की ते ज्या पिस्तुलाबरोबर खेळवलं त्यालाच कच्च्या सुतानं बांधून टाकायचं. दुसऱ्याच्या मालावर ओरखडा काढणं त्यांना पाप वाटे, म्हणून खूण म्हणून सूत. "मेगजीन ज्याचं त्याले," असं ते मला पहिल्या दिवसापासून सांगत. हे वाक्य मी पाठ केलं होतं. शाळेत पाठ करतात तसं.

आता भाऊरावांबद्दल सांगायला हवं. भाऊराव वलगावचे. संत्र्यांची बाग, मधल्या जागेत भाजीपाला, बांधाला मोगरा. बाजाराच्या दिवशी अमरावतीला आले, की माल उतरवून आमच्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसत आणि मिस्त्रीबुवांपुढे चार संत्री ठेवत. बोलायला लागले की इतकं हळू, की मलाही कान द्यावे लागत. मिस्त्रीबुवांना त्यातलं अक्षर ऐकू येत नसे. पण दोघांचं काही अडायचं नाही. मी सांगायला पुढे झालो, की भाऊराव हात करत, "राहू द्या पंत, त्याले काय सांगता. माहं मी बोलून राहिलो." तास-तासभर असं चाले.

त्यांच्या शेजारच्या मळ्यावर दरोडा पडला. भाऊरावांनी तिघांना ओळखलं आणि कचेरीत उभं राहून बोट दाखवलं. तिघांना शिक्षा झाली. त्यांचे साथीदार बाहेर होते, त्यांनी निरोप धाडला, की संत्र्याचा बहार खाशील पण पुढची होळी पाहणार नाहीस. मी हे मिस्त्रीबुवांच्या कानात ओरडून सांगितलं. ते भाऊरावांकडे वळून म्हणाले, "काहून बोललास रे तू? गप राह्यला असता तं?"

"मी पाह्यलं होतं ना गड्या," भाऊराव म्हणाले. "पाह्यलं ते पाह्यलं."

साहेबानं परवाना दिला. भाऊरावांचा गुडघा गेलेला होता, पळणं त्यांना शक्य नव्हतं. ते म्हणाले, "मिस्त्री, मले पळता येत नाई. मले असं दे, का मी जाग्यावर उभा राहू शकीन." हे मात्र ते नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलले, आणि मिस्त्रीबुवांना ते माझ्याशिवाय कळलं.

तेव्हा दुकानात त्या कारखान्याची, एकाच बनावटीची दोनच पिस्तुलं होती. एक जुनं, लढाईआधीचं, विलायतेला परत गेलेल्या जंगलखात्याच्या साहेबाचं. त्याची नळी झिजून गेलेली, म्हणून ते विकायचं नव्हतं. पण मॅगझिन मात्र त्या गोल शिवणीवाल्या हाताचं. दुसरं कोरं, नुकतंच आलेलं. मिस्त्रीबुवांनी कोरं पिस्तूल भाऊरावांसाठी घेतलं आणि तीन आठवडे त्याच्यावर खपले. जिनिंगमागच्या पडीक जागेत नेऊन उडवून पाहिलं. पिस्तूल सुधारलं. मॅगझिन सुधरेना. ओठ वळवले, स्प्रिंगला पुन्हा पाणी दिलं, तरी शंभरात तीनदा अडायचंच.

"शंभरात तीन म्हणजे काय फार नाही," मी म्हटलं.

"ते तीन कवा येतीन, हे सांगता का तुमी?" ते म्हणाले. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जमवतो. दोन दिवसांत जमवतो. तुमी जाऊन या घरी."

मी अष्टमीसाठी अकोल्याला गेलो. नवमीला सकाळी परत आलो तर दुकानात खंडेनवमीच्या पूजेची धांदल. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं, कानशी, शिकंजे, हातोड्या पुसून पाटावर मांडत, हळद-कुंकू लावत, झेंडू वाहत. एकदा पूजा झाली, की दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत कशालाही हात लावून काम करायचं नाही, हत्यारांना विसावा. त्या वर्षी सेठजींना हौस आली. त्यांनी पूजेचा फोटो काढायला फोटोवाल्याला बोलावलं आणि मांडणी माझ्याकडे सोपवली.

मांडणी मी फक्कड केली. लाल कापड, त्यावर उतरत्या क्रमानं बंदुका, मग पिस्तुलं. फक्त ती सुतं डोळ्यांत खुपत होती. मिस्त्रीबुवांनी प्रत्येक मॅगझिन पिस्तुलाला गुंडाळून बांधलेलं, कळकट सूत, गाठी वेड्यावाकड्या. मी कात्रीनं सगळी सुतं कापली आणि मॅगझिनं ज्याच्या त्याच्यापुढे वेगळी मांडली. फोटो झाला, पूजा झाली. परत बांधायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या दोन पिस्तुलांची मॅगझिनं उलटी झालेली आहेत. कोऱ्या पिस्तुलाला मळकं, झिजलेलं जुनं मॅगझिन बांधलेलं होतं. आणि जुन्याला चकचकीत कोरं. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. घाईत अदलाबदल झाली.

विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. मिस्त्रीबुवा पाटापुढे हात जोडून बसलेले, सेठजी भटजींना नमस्कार करत होते. आणि मला नियम तर पाठ होता. मेगजीन ज्याचं त्याले. एका पेटीतून आलेलं एकाचं. मी कोऱ्याला कोरं लावलं, जुन्याला जुनं, दोन्ही नव्या सुतानं नीट बांधली, भाऊरावांचं पिस्तूल लाल कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि वर कुंकवाचं बोट लावलं. चूक सुधारल्याचं समाधान मला झालं, हे खोटं बोलणार नाही.

दसऱ्याला सकाळीच भाऊराव आले. मुहूर्तावर न्यायचं होतं. मिस्त्रीबुवांनी पेटी कपाळाला लावली आणि तशीच त्यांच्या हातात दिली. मी म्हटलं, एकदा उघडून दाखवा तरी. ते म्हणाले, "पूजलेल्या हत्याराले तपासत नाईत पंत. तो आता देव झाला." भाऊरावांनी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. दोघं एकमेकांच्या पाया पडायला वाकले आणि डोक्यावर डोकं आपटलं. ओट्यावरचे सगळे हसले, मीही हसलो.

भाऊरावांनी घरी ते एकदाही उडवून पाहिलं नाही. मिस्त्रीनं पाहिलंय ना, मग आपण कशाला काडतुसं नासायची, असा त्यांचा हिशेब.

दिवाळी झाल्यावर, पाडव्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी बागेत चार माणसं शिरली. पहिली गोळी उडाली. एकाच्या मांडीला लागली, तो खाली बसला. दुसरी उडाली नाही. बाकीच्या तिघांनी कुऱ्हाडीनं काम केलं. मांडीवाला सापडला म्हणून बाकीचेही सापडले.

तिसऱ्या दिवशी फौजदार पिस्तूल तरटात गुंडाळून दुकानात घेऊन आले. मॅगझिनमध्ये काडतूस आडवं होऊन अडकलेलं होतं, एक ओठ फाकलेला. मिस्त्रीबुवांनी ते काढलं, मॅगझिन पुसलं, दातांत धरलं आणि अंगठ्यानं दाबलं. एकदाच. मग ते भिंतीवरच्या जुन्या पिस्तुलाशी गेले, त्याचं सूत तोडलं, त्याला बांधलेलं मॅगझिन हातात घेऊन मागच्या शिवणीवर बोट फिरवलं. मी वहीवर टाक धरून बसलो होतो. टाकातून शाईचा थेंब पडला, तो मी टिपकागदानं टिपला. हे मला आजही स्पष्ट आठवतं, आणि त्यांचा चेहरा मात्र आठवत नाही.

फौजदार गेल्यावर त्यांनी विचारलं, "कोणं बांधलं पंत?"

मी उठून त्यांच्या कानाशी गेलो आणि म्हटलं, मी. कोऱ्याला कोरं. तुम्हीच सांगत होता.

त्यांनी हातातलं मॅगझिन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हाव. मीच सांगत होतो." आणि थोड्या वेळानं, "बदलून बांधलं, हे तुमाले सांगाचं राहून गेलं. तुमी गावी होते." एवढंच. शिवी नाही, हात उगारणं नाही. मी वाट पाहत होतो. एखादी थोबाडीत बसली असती, तर मला काहीतरी वाटलं असतं. मी त्या दिवशी खाणावळीत जेवलो, पोटभर जेवलो, ताकही मागून घेतलं. लोकांना अशा वेळी झोप लागत नाही म्हणतात. मला लागली.

खटला चालला. मिस्त्रीबुवांची साक्ष झाली. त्यांना प्रश्न ओरडून सांगायला मी शेजारी उभा होतो. जज्जसाहेबानं विचारलं, पिस्तूल का चाललं नाही. ते म्हणाले, मॅगझिन खराब. कारखान्याचं का? हो. संपलं. कुणी बदललं, का बदललं, कुणालाच विचारायचं सुचलं नाही. मारणाऱ्यांनी मारलं होतं, त्यांना जन्मठेपा झाल्या. मी कागदाबाहेरच राहिलो. वकिलाच्या घरात वाढलेल्या मला हे सगळ्यांत आधी कळलं.

निकालानंतर मिस्त्रीबुवा म्हणाले, "वलगावले जाऊ. वैनीले सांगाले पायजे." मित्राच्या बायकोला ते वैनी म्हणत. आम्ही टांगा केला. बागेत बहार उतरवणं चाललं होतं; बायका टोपल्या भरत होत्या. भाऊरावांची बायको झाडाखाली संत्री निवडत बसली होती, हातानं चालूच होतं तिचं. मिस्त्रीबुवा तिच्यासमोर मातीत बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"वैनी, चूक माही झाली," ते म्हणाले. "दुसरं मेगजीन गेलं त्याच्या संगं. म्या उघडून पाह्यलं नाई. सन होता म्हनून पाह्यलं नाई."

मी त्यांच्या मागे उभा होतो. त्या वेळी तोंड उघडून 'चूक माझी' म्हणायला किती वेळ लागला असता? दोन शब्द. मी थोडक्यात बोलण्याबद्दल प्रसिद्ध होतो. मी उभाच राहिलो.

तिनं एक संत्रं या टोपलीतून त्या टोपलीत टाकलं आणि बोलायला लागली. रडली नाही. नवऱ्यासारखंच हळू बोलायची.

"मी दाराशीच होती. मी म्हटलं, अवो कोठ्यात या, दार लावून घेऊ, सकाळलोग कोणीतरी येईन. दार मजबूत हाय आमचं. या म्हटलं. ते नाई आले. ते म्हणे, मिस्त्रीनं देल्लं हाय, भ्याचं काम नाई. पहिली उडाली तं माह्याकडे पाहून हासले. म्हणे, पाह्य. मंग ते तसेच उभे. दाबून राह्यले, दाबून राह्यले. तरी मी या म्हणून राह्यली. दार उघडंच होतं. ते नाई आले. त्याईले वाटे, आता उडन, आता उडन."

मग तिनं पुढचं संत्रं उचललं.

मिस्त्रीबुवा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणल्या?"

मी खाली वाकलो, त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "म्हणाल्या, झालं ते झालं. तुमच्यावर राग नाही."

त्यांनी तिला हात जोडले. तिनं आम्हाला टोपलीभर संत्री दिली. नको म्हणता येईना.

परतीच्या वाटेवर ते बराच वेळ घोड्याच्या पाठीकडे बघत बसले होते. कापसाच्या गाड्या समोरून येत होत्या, टांगा बाजूला घ्यावा लागत होता. अमरावती दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "पंत, लई वेळ बोलली ती." मी संत्र्यांची टोपली पायाशी ओढली. "झालं ते झालं म्हणाले एवढा वेळ लागते का माणसाले?" मी रस्त्याकडे बघत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर ते दुकानात आले, पण कामाला हात लावेनात. नवी पेटी आली ती तशीच पडून राहिली. सेठजींनी दोनदा सांगून पाहिलं. होळीनंतर मिस्त्रीबुवांनी कानशी एका पोत्यात बांधून मला दिल्या, म्हणाले वापरा नाईतर टाका, आणि गावी निघाले. त्यांचं गाव मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं जावं लागायचं. मलाही अकोल्याला जायचं होतं. वडिलांनी पुन्हा परीक्षेला बसायला बोलावलं होतं. बडनेऱ्याहून आम्ही एकाच डब्यात बसलो.

सगळ्या वाटेनं मी ते तिचं बोलणं मनात जुळवत होतो. शब्दन् शब्द मला पाठ होतं. एकदा सांगून टाकावं, मग ते माझ्या तोंडावर थुंकोत नाहीतर काही करोत, असं ठरवलं होतं. कुरुम गेलं, मूर्तिजापूर आलं. त्यांनी गाठोडं उचललं, खाली उतरले आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मी वाकून त्यांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं.

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. तेलानं काळवंडलेला, खरखरीत हात. हलकेच ठेवला.

"ती बाई काय बोलली ते आता नका सांगू पंत," ते म्हणाले. "जे असन ते तुमच्यापाशी राहू द्या. म्या म्हातारा झालो, मले नाई झेपाचं."

गाडी हलली. त्यांनी हात काढला. मला हायसं वाटलं. भाऊराव गेल्यापासून मला वाटलेली ती एकच गोष्ट, आणि ती ही.